डबीतली माती

मला भुतांची भीती कधीच वाटली नाही, कारण भुतं नसतात असं आम्हाला लहानपणीच शिकवलं होतं. भीती वाटायची ती मेलेल्या माणसांची, आणि ती तर असतात. आई मला भित्री भागूबाई म्हणायची. अशा मुलीला एक वर्ष ठाण्याला पाठवायचं असं आमच्या धर्मपाठशाळेच्या बाईंनी ठरवलं, तेव्हा आई हसली आणि मग थोडी रडली. मला निवडण्याचं कारण सोपं होतं. कल्याणहून इस्राएलला गेलो तेव्हा मी सहा वर्षांची होते, पण वाळवंटाच्या कडेच्या त्या गावात आमच्या घरात मराठीच बोलत, आणि आईनं मला वाचायलाही शिकवलं होतं. ठाण्यातल्या बेने इस्राएल, म्हणजे आमच्या मराठी ज्यू, मुलांना प्रार्थना शिकवायची, अक्षरं शिकवायची, सणांची गाणी शिकवायची, एवढंच काम. निघायच्या दिवशी आईनं बाबांची तपकिरीची रिकामी डबी माझ्या हातात दिली. झाकण घट्ट बसवून वर दोरा गुंडाळला होता. "सिम्हाकाकूंना दे. जेरुसलेमची माती आहे. तिकडे लागते," ती म्हणाली. मला वाटलं, लोक देवघरात ठेवत असतील, जशी कल्याणच्या शेजारणी काशीहून गंगा आणायच्या. कशाला लागते हे मी विचारलं नाही. आईनंही सांगितलं नाही. मी कशी आहे ते तिला ठाऊक होतं.

ज्यांच्याकडे मी राहणार होते त्या सिम्हाकाकू वर्तकनगरला राहायच्या, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही. उंच, किडकिडीत, आणि आवाज असा की खालच्या मैदानातली पोरंसुद्धा दचकायची. माझी खाट गॅलरीला लागून होती. पहाटे पाण्याची मोटार घरघरायची, मग एकामागून एक कुकरच्या शिट्ट्या, मग शेजारच्या सावंतवहिनींचा रेडिओ. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मारुतीची आरती ऐकू आली की काकू भाजी चिरता चिरता घंटेच्या तालावर सुरी चालवायच्या, आणि मी बघते आहे असं लक्षात आलं की थांबायच्या. गॅलरीत सब्ज्याच्या तीन कुंड्या होत्या. पानं चुरगाळली की असा वास यायचा की मी सकाळी उठल्याउठल्या तिथेच जाऊन उभी राहायचे. आज त्या इमारतीच्या जागी टॉवर आहे, आणि माझ्या खिडकीत सब्जा आहे, पण मी तो उगीच चुरगाळत नाही.

शुक्रवार मला सगळ्यांत आवडायचा; संध्याकाळी शब्बाथ लागायचा, आमचा शनिवार मावळेपर्यंतचा विसाव्याचा वार. सकाळपासून काळ्या मनुका पाण्यात भिजत पडलेल्या असायच्या. दुपारी काकू त्या कुस्करून गाळायच्या आणि तेच आमच्या शब्बाथच्या द्राक्षारसाचं काम करायचं. कोंबडीचा रस्सा नारळाच्या दुधातला, कारण मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध आम्हाला चालत नाही. दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी, आणि सावंतवहिनी वाटी परत करायला आल्या तरी विचारून ठेवायच्या, "ही कुठल्या जातीची वाटी गं?" सूर्य कलला की काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल, तेलावर वात. काकू दिवा लावून डोळ्यांवर हात ठेवायच्या आणि बराच वेळ ठेवायच्या. एवढं काय मागतात, असं मला वाटायचं. माझं मागणं एकच असायचं, माझ्या हातून काही चुकू नये. त्या वयात माझी सगळी श्रद्धा भीतीवरच उभी होती. तांदूळ तीनदा निवडायचे, किडा पोटात गेला तर पाप. शनिवारी वीज-विस्तवाला हात लावायचा नाही, चुकून दिव्याचं बटण दाबलं तर रात्रभर झोप नाही. देव म्हणजे मला पेपर तपासणाऱ्या बाईंसारखा वाटायचा, आणि लाल शाई त्याच्याकडे भरपूर.

मुलांना शिकवायला मात्र मजा यायची. रविवारी सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनामंदिरात, वर्ग, आणि बुधवारी ठाकुर्लीला रेल्वे कॉलनीतल्या एका घरात, तिथे चार-पाचच मुलं. माझं मराठी ऐकून ती खिदळायची. "टीचर, तुम्ही आमच्या पणजीसारखं बोलता," ठाकुर्लीचा एक वात्रट पोरगा म्हणाला, आणि ते खरंच होतं. आमच्या घरातली भाषा आईबाबा निघाले त्या दिवशीच थांबली होती. सावंतवहिनींनी तर पहिल्या आठवड्यातच मला जिन्यात गाठलं. त्या मूळच्या मालवणकडच्या, मनात आलं की ओठावर.

"तू मिशनरी काय गं? आमच्या पोरांना बाटवायला आलेली नाहीस ना?"

"नाही हो वहिनी. आमच्यात कुणाला घेतच नाहीत सहसा. आमच्याच माणसांना आमचंच शिकवायचं."

"म्हणजे कीर्तनकार," त्यांनी निकाल दिला. "मग ठीक. संध्याकाळी ये, घावणे केलेत."

डबी मी पहिल्याच दिवशी काकूंना दिली होती. त्यांनी दोरा सोडून आत बघितलं, झाकण लावलं आणि ती माझ्याच खाटेशेजारच्या फळीवर ठेवली. महिनाभर ती माझ्या उशापाशी होती. मग एका दुपारी काकूंनी ट्रंक उघडली. तळाशी डांबराच्या गोळ्यांमध्ये पांढऱ्या कपड्यांची घडी होती, हातानं शिवलेली. "हे माझं," त्या म्हणाल्या. "दोऱ्याला गाठ मारायची नसते, बघून ठेव. सब्जा वर ठेवायला. आणि ती माती डोळ्यांवर, म्हणजे जेरुसलेममध्येच पुरल्यासारखं."

एवढे दिवस मी ज्याच्या वासानं सकाळ करत होते आणि जे उशाशी घेऊन झोपत होते, ते सगळं मयताचं सामान होतं.

काकूंनी मग सरळच सांगितलं. मयत बाईला आंघोळ घालायचं काम ठाण्यात त्या करत. त्यांच्याबरोबर ज्या होत्या त्या एकेक करून इस्राएलला गेल्या, मुलांपाठोपाठ. बोलावलं तर मुंबईहून बायका यायच्या, चांगल्याच होत्या. "पण मला परक्या बायका नकोत," काकू म्हणाल्या. "तू शिकून घे. तुझं वर्ष आहे तोवर शीक. पुढे तू कुठेही असलीस तरी उपयोगी पडेल, आणि इथेच असलीस तर माझी सोय होईल."

मी म्हटलं, मला शाळेचं काम दिलंय. त्या म्हणाल्या, हीसुद्धा शाळाच. मी म्हटलं, मला भीती वाटते. काकूंनी ट्रंकेचं झाकण लावलं. "वाटू दे. हात धुतलेले असले म्हणजे झालं."

नंतर फोनची घंटा वाजली की मी गॅलरीत पळायचे. शेवटी तो फोन आला. चरईतल्या मिरियमआजी गेल्या. मी त्यांना सिनेगॉगमध्ये दोनदा पाहिलं होतं, एकदा त्यांनी माझ्या हातावर चॉकलेट ठेवलं होतं. रिक्षात काकूंनी माझं मनगट धरून ठेवलं. धीर द्यायला, असं मी तेव्हा समजले. खोलीत गेलो तर आजी चादरीखाली होत्या आणि एक हात बाहेर राहिला होता, त्यात बांगडी. मी मनातल्या मनात शेमा, आमची रोजची प्रार्थना, म्हणत होते, पहिलीच ओळ पुन्हा पुन्हा, कारण पुढची आठवत नव्हती. मुलांना पाठ करून घेणारी टीचर मी!

पाठशाळेत आम्हाला सांगितलं होतं की हे काम मौनात करायचं, प्रार्थनेचे शब्द सोडून एक शब्द नाही. काकूंनी बाह्या वर केल्या, पाण्यात कोपर बुडवून ऊन किती ते बघितलं, आणि म्हणाल्या, "चल मिरियम, आवरूया. सून बाहेर आहे, तिची काळजी करू नकोस, तिनं सकाळचा चहा घेतलाय." मला वाटलं मी बेशुद्ध पडते. पण त्या बोलतच राहिल्या. चादर पूर्ण काढायची नाही, खालूनच धुवायचं, आधी उजवी बाजू मग डावी, हे मला सांगायचं ते सांगत, आणि मधूनमधून तिला. "हात वर घेते हं. बांगडी काढते, रुतली आहे, जरा सोस. हा गुडघा तुझा नेहमीचा, माहीत आहे मला." एकदा पाणी तोंडावर उडालं तर थांबून, "चुकलं हं." शेवटी सात कोऱ्या मडक्यांचं स्वच्छ पाणी, एकामागून एक, धार तुटू न देता, मडकी मी हातात देत होते. पांढरे कपडे, सब्जा, आणि मग काकूंनी माझ्यापुढे हात केला. मी डबी उघडली. तांबूस, कोरडी माती, अजून तपकिरीचा वास येणारी. चिमूटभर या डोळ्यावर, चिमूटभर त्या. "डोळे मीट मिरियम, माती येतेय," काकू म्हणाल्या. ते अर्थात मिटलेलेच होते.

घरी आल्यावर मला हातानं जेववेना. काकूंनी चमचा दिला. पिठलं होतं, आणि भात. जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "भीती गेली?"

"नाही."

"माझीही नाही गेली. एवढ्या जणींना धुतलं, अजून रिक्षात बसले की हात गार पडतात. तुझं मनगट धरलं होतं ते उगीच नाही."

एवढ्या आवाजाची बाई, आणि तिलाही भीती! मग मिरियमआजींशी बोलत का होता, मी विचारलं. पाठशाळेत तर मौन सांगतात.

"सांगू देत. सगळ्या बायकांना आयुष्यभर गप्प बस म्हणूनच सांगितलेलं असतं, निदान आंघोळीच्या वेळी तरी कुणी दोन शब्द बोलावेत." त्या ताटातला भाताचा कण बोटानं गोळा करत होत्या. "मरणाची मला फारशी भीती नाही गं. देव आहे, बघून घेईल. पण मी पडलेली आणि चार बायका मुकाट्यानं मला धुताहेत, भांडी घासल्यासारखं, ते डोळ्यांसमोर आलं की मला झोप लागत नाही."

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, श्रद्धा पक्की असली की भीती राहत नाही. माझ्यात भीती आहे म्हणजे माझ्या श्रद्धेत खोट आहे. काकूंच्यात दोन्ही शेजारी शेजारी राहत होती, दुधाच्या आणि मांसाच्या भांड्यांसारखी, आणि कशानं कशाला बाट लागत नव्हता. मला थोडं बरं वाटलं. थोडंच, कारण दुसरा फोन कधीही येणार होता.

तो शहाडहून आला. नदीकडच्या एका चाळीत एक बाई एकटी राहायची. ती आमच्यातली आहे हे शेजाऱ्यांना तिच्या दारावरच्या मेझुझावरून, चौकटीला ठोकलेल्या प्रार्थनेच्या नळीवरून, कळलं. तिचं नाव कुणाला धड माहीत नव्हतं. कुणी मावशी म्हणायचं, कुणी तेलीणबाई, कारण आमचे पूर्वज तेल गाळायचे. मला वाटलं, हिच्याशी काकू काय बोलणार? पण त्या शेजारणींकडून विचारून आल्या. तिला मांजरं आवडायची, तिला नळावरच्या भांडणात कुणी हरवू शकत नव्हतं. तेवढ्यावर काकूंनी सगळी आंघोळ निभावली. "नळ आता तुझाच बाई, घे हवं तेवढं पाणी." आणि शेवटी डबीत होती नव्हती ती सगळी माती त्यांनी त्या दोन डोळ्यांवर ओतली. डबी उपडी करून बुडावर टिचकीसुद्धा मारली.

परतताना मी रडकुंडीला आले होते. "आणि तुम्हाला?"

"तिला जन्मात कुणी काही भरभरून दिलेलं दिसत नाही. मला तू आणशील की. पेसाहच्या सणाला घरी जाणार आहेस ना, येताना आण."

पेसाहला अजून अवकाश होता. मी आईला फोन केला, बाजूला काढून ठेव म्हटलं. त्या दिवसांत मी काकूंवर नजर ठेवायला लागले. त्या जिना चढताना थांबल्या की मीही थांबायचे. खोकल्या की मी उठून बसायचे. रोज दिव्यापुढे माझं मागणं बदललं होतं: माती येईपर्यंत थांब. देवाशी अशी घासाघीस करू नये हे मला माहीत होतं, मुलांना मीच शिकवत होते. काकूंच्या ते लक्षात आलं असावं. "अगं, माझ्याकडे असं बघू नकोस," त्या म्हणाल्या, "उकळायला ठेवलेल्या दुधाकडे बघितल्यासारखं."

अशाच एका शनिवारी सकाळी मी उठले तेव्हा सब्ज्याला पाणी घातलेलं होतं आणि काकू खुर्चीत बसलेल्या होत्या, पेला हातात. मी चहा विचारला, आदल्या दिवशीचा थर्मासमधला. दुसऱ्यांदा विचारला. मग मी शेजारी धावले. सावंतवहिनींनी त्यांच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी नाडी बघून मान हलवली. झोपेतून उठून, तोंड धुऊन, कुंड्यांना पाणी घालून गेल्या. डॉक्टरांनी आणि सावंतांनी त्यांना खाटेवर निजवलं. माझ्या खाटेवर, कारण ती जवळ होती.

शब्बाथच्या दिवशी आम्ही मयताला धुवत नाही, पुरत नाही. दिवस सरेपर्यंत थांबायचं आणि कुणीतरी सोबत बसायचं. कल्याणला काकूंची भाची लिलियन होती, तिला वहिनींनी फोन केला, पण तिला यायला संध्याकाळच होणार होती. म्हणजे बसायचं मी. वीस वर्षांची, भित्री भागूबाई, एका खोलीत दिवसभर. मी खुर्ची भिंतीला लावली, म्हणजे पाठीमागे काही राहणार नाही. स्तोत्रं वाचायला घेतली. अक्षरं मुंग्यांसारखी हलायची. पंख्यानं चादरीचा कोपरा उडाला की मी किंचाळायच्या बेतात असायचे, आणि पंखा बंद करता येत नव्हता, शब्बाथ होता. खाली पोरं क्रिकेट खेळत होती, नेहमीसारखी ओरडत, आणि त्यांना दटावणारा आवाज समोर चादरीखाली होता. रडू येत नव्हतं. भीतीनं रडूसुद्धा अडवून धरलं होतं. थोड्या वेळानं उंबऱ्यापलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज आला. सावंतवहिनी पाट टाकून दारात बसल्या होत्या, परातीत तांदूळ घेऊन. "मी आत येत नाय," त्या म्हणाल्या, "तुमचं काय चालतं काय नाय मला ठाऊक नाय. पण मी इथेच आहे." दिवसभर त्या निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसल्या.

रविवारी सकाळी धुवायचं ठरलं. लिलियन होती आणि मुलुंडहून आलेली सिनेगॉगमधली ओळखीची एक बाई, दोघींनी पूर्वी कधी हे केलेलं नव्हतं. दोघी माझ्याकडे बघत होत्या, कारण मी इस्राएलहून आलेली टीचर. पाणी वहिनींनी त्यांच्या गॅसवर तापवून दारापर्यंत आणून दिलं. मी कोपर बुडवून बघितलं. बाह्या वर केल्या. आणि पुढे काही होईना. हात हलत नव्हता, तोंड उघडत नव्हतं. दोन्ही वेळा बोलल्या होत्या त्या काकू. मी फक्त मडकी दिली होती. लिलियन हळूच म्हणाली, "सुरू करायचं ना गं?" आणि त्या दोघी खाली वाकल्या, गुपचूप, ओठ घट्ट मिटून, नेमकं जसं काकूंना नको होतं तसं.

"पाणी जास्त कढत नाही ना, काकू?" मी म्हटलं.

माझाच आवाज मला परका वाटला. लिलियननं दचकून वर पाहिलं. पण एकदा तोंड उघडलं ते उघडलं. उजवा हात घेते हं, म्हटलं. खालच्या पोरांनी काल तुमच्या गॅलरीत चेंडू मारला, कुंडी वाचली. वहिनींनी तुमची वाटी परत केली, मांसाची, मी बरोबर जागी ठेवलीय. ठाकुर्लीच्या त्या वात्रट पोराला अख्खा शेमा पाठ झाला, बुधवारी म्हणून दाखवला, तुम्हाला सांगायचं राहिलं. आणि हे सांगताना मला रडू फुटलं, बोलणं न थांबता. माझ्या हाताखालचा तो हात गार होता आणि मला अजूनही भीती वाटत होती, पण तो काकूंचा हात होता, आणि काकूंशी बोलता येत होतं. सात मडकी मी ओतली. धार एकदा तुटली, ते त्यांना सांगितलं. ट्रंकेतले कपडे, बिनगाठीचे. सब्जा. मग मी सवयीनं हात पुढे केला, आणि मुलुंडच्या बाईनं फळीवरची डबी माझ्या हातात ठेवली.

डबी रिकामी होती, हे मला शहाडपासून माहीत होतं आणि तरी मी झाकण उघडून आत बघितलं. बुडाच्या कडेला, पत्रा दुमडला होता त्या खाचेत, तांबूस रेघ तेवढी होती. नखानं निघेना. मी शेवटच्या मडक्यात राहिलेलं पाणी चमचाभर त्यात ओतलं, डबी कितीतरी वेळ घोळवली, बोटानं खाच घासली. पाणी जरासं मळकट झालं. आमच्या कुठल्या ग्रंथात असं बसतं की नाही हे मी तेव्हा कुणाला विचारलं नाही आणि आजपर्यंत विचारलेलं नाही. मी वर्षासाठी आले होते आणि ठाण्याचीच झाले, ती गोष्ट वेगळी. पण नंतर कितीही डब्या भरून माती आली तरी प्रत्येक बाईच्या वेळी मला आधी त्या डबीचं बूड आठवतं.

"डोळे मिटा काकू, माती येतेय," मी म्हटलं. एक थेंब या डोळ्यावर, एक त्या. दुसरा थेंब कानाकडे ओघळला. तो मी बोटानं टिपला.

"चुकलं हं," म्हटलं, आणि लिलियनला चादरीचं दुसरं टोक धरायला सांगितलं.